तळ्याचं नाव तळं

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिकला शरणपूर रोडवरून तुम्ही कधीतरी गेला असाल. सिग्नल, दुकानं, रिक्षा, नेहमीचीच गर्दी. शरणपूर हे नाव कुठून आलं याचा विचार आपण करत नाही. शरण आलेल्यांचं गाव ते शरणपूर. मिशनऱ्यांनी वसवलेल्या त्या वस्तीत एकोणिसाव्या शतकात आफ्रिकन मुलांसाठी एक आश्रयस्थान होतं. गुलामांनी भरलेली गलबतं अरबी समुद्रात ब्रिटिश आरमार पकडायचं आणि त्यातली मुलं मुंबईला उतरवायचं. त्यातली काही नाशिकला यायची. सुतारकाम, लोहारकाम शिकायची, इंग्रजी वाचायला-लिहायला शिकायची. आफ्रिकेत पुढे त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हणू लागले.

आज मला बोलायचंय ते आफ्रिकेतल्या एका तळ्याबद्दल. पण तिथे जायची वाट नाशिकवरून आहे, म्हणून सुरुवात इथून केली.

तळं म्हटलं तरी ते केवढं? लांबी जवळपास ५८० किलोमीटर, खोली काही ठिकाणी ७०० मीटर. पश्चिमेला आणि दक्षिणेला मलावी, पूर्वेला मोझांबिक, ईशान्येला टांझानिया. मलावीचे लोक त्याला मलावी सरोवर म्हणतात. टांझानियाच्या काठावर तेच सरोवर न्यासा होतं. आता या न्यासाची गंमत बघा. सप्टेंबर १८५९ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन हा स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी तिथे पोचला. हे काय आहे, असं त्यानं विचारलं. लोक म्हणाले, न्यासा. तिथल्या याओ लोकांच्या भाषेत न्यासा म्हणजे तळं! साहेबांनी नकाशावर लिहिलं, ‘लेक न्यासा’. म्हणजे तळ्याचं नाव तळं. ‘शोध’ लागला म्हणतात तो असा. काठावर पिढ्यान् पिढ्या मासेमारी करणारी माणसं होती, गुलामांचे तांडे पलीकडे नेणाऱ्या व्यापाऱ्यांची गलबतं होती, त्याच्या आधी पोर्तुगीजही येऊन गेले होते. पण शोध त्याचा.

या तळ्यावर फिरवायला लिव्हिंगस्टननं स्वतःच्या पैशांतून एक छोटी आगबोट बांधून घेतली, ‘लेडी न्यासा’. सुटे भाग करून ती तळ्यातून निघणाऱ्या शिरे नदीच्या धबधब्यांवरून वर न्यायची होती. ते जमलंच नाही. त्याची मोहीम ब्रिटिश सरकारनं परत बोलावली. बोट विकायची तर कुठे? झांझिबारला गिऱ्हाईक होतं, पण ती गुलामांच्या धंद्याला लागेल ही भीती. मग या गृहस्थानं काय केलं, तर मूठभर माणसं आणि थोडासा कोळसा घेऊन तीच बोट हाकत अरबी समुद्र ओलांडला. ४५ दिवस लागले. १३ जून १८६४ ला, पावसाळा तोंडावर असताना, बोट मुंबई बंदरात शिरली. एवढीशी बोट, कोणाचं लक्षसुद्धा गेलं नाही. पुढच्या वर्षी ती मुंबईतच विकली गेली, २,३०० पौंडांना. ते पैसे त्यानं इथल्या बँकेत ठेवले. तो काळ अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढल्याचा आणि शेअरबाजाराला वेड लागल्याचा. युद्ध संपलं, भाव कोसळले, बँका बुडाल्या. त्यात लिव्हिंगस्टनची बँकही गेली. तळ्यासाठी बांधलेल्या बोटीचे पैसे असे मुंबईत बुडाले.

जानेवारी १८६६ मध्ये तो पुन्हा निघाला, तोही मुंबईहूनच. बरोबर मुंबईच्या मरीन बटालियनचे शिपाई, कोमोरोतल्या जोहाना बेटावरचे दहा जण, नाशिकची नऊ मुलं, आणि चुमा. हा चुमा त्याच तळ्याकडचा याओ मुलगा. गुलामांच्या तांड्यातून सुटलेला आणि त्या बोटीतूनच मुंबईला आलेला. शिवाय उंट, म्हशी, खेचरं, गाढवं. त्सेत्से माशी चावल्यावर ही जनावरं टिकतात का ते बघायचं होतं. टिकली नाहीत. शिपायांचंही त्याच्याशी पटलं नाही, त्यांना वाटेतून परत पाठवलं. ऑगस्टमध्ये तळं दिसलं. पलीकडे जायला अरब व्यापारी गलबत देईनात. बोट तर मुंबईत विकलेली! शेवटी दक्षिणेचं टोक वळसा घालून पायी ओलांडलं. नाशिकच्या पोरांबद्दल रोजनिशीत तो बराच कुरकुरतो. आळशी आहेत, मागे रेंगाळतात वगैरे. पोरांनी त्याच्याबद्दल काय लिहिलं असतं ते वाचायला मला फार आवडलं असतं.

एकाचं लिहिणं मात्र उरलंय. जेकब वेनराइट, नाशिकच्या शाळेतला, १८७२ मध्ये नंतरच्या तुकडीतून आलेला. मे १८७३ च्या सुरुवातीला, आजच्या झांबियात, चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला. सोबतच्यांनी त्याचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं, प्रार्थना जेकबनं वाचली, आणि झाडाच्या खोडावर अक्षरं कोरली तीही त्यानंच. देह मीठ लावून उन्हात वाळवला, आणि चुमा आणि लिव्हिंगस्टनचा जुना सोबती सुसी यांच्या पुढारपणाखाली तो हजार मैलांहून जास्त प्रवास करत किनाऱ्यावर आणला. त्या वाटचालीची डायरी जेकबनं इंग्रजीत ठेवली. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत हा नाशिकचा विद्यार्थी होता.

आता पुढची गोष्ट चालण्याची नाही, रेघांची आहे. १८८४-८५ ला बर्लिनमध्ये परिषद भरली. चौदा सत्ता जमल्या. आफ्रिकेचं त्यात कोणी नव्हतं. मग १ जुलै १८९० ला ब्रिटन आणि जर्मनीत करार झाला. त्यात उत्तर समुद्रातलं हेलिगोलंड नावाचं टीचभर बेट जर्मनीला मिळालं, झांझिबारवर ब्रिटनचा ताबा जर्मनीनं मान्य केला, आणि जाता जाता आपल्या तळ्याचीही वाटणी झाली. वाटणी तरी कशी? हद्द पाण्याच्या मधून नाही, पूर्वेच्या काठावरून! म्हणजे जर्मन बाजूच्या बाईनं घागर बुडवायला पाय पाण्यात टाकला की ती ब्रिटिश हद्दीत. बर्लिनमधल्या बाबूनं नकाशावर पट्टी ठेवताना या घागरीचा विचार करायचं कारणच नव्हतं.

पाण्याच्या पश्चिमेला ब्रिटिशांचं न्यासालँड उभं राहिलं, तेही हिंदुस्थानी पलटणीतून आणलेल्या शिखांच्या आणि घोडेस्वारांच्या जोरावर. सुरुवातीला जेमतेम ७० माणसं. झोपडीवर कर बसला. मळ्यांमध्ये ‘थांगाता’ आला. स्थानिक भाषेत थांगाता म्हणजे मदत. मळेवाल्यांनी त्याचा अर्थ केला, आमच्या जमिनीवर राहतोस तर भाड्याबद्दल फुकट राब. आपल्याकडचा ‘वेठ’ हा शब्द निदान प्रामाणिक तरी आहे. मगोमेरोचा सर्वांत बदनाम मळा लिव्हिंगस्टनच्याच जावयाच्या घराण्याचा होता.

१९१४ ला युद्ध सुरू झालं, आणि तळ्यावर एक प्रहसन घडलं. ब्रिटिश बोटीचा कप्तान ऱ्होड्स आणि जर्मन बोटीचा कप्तान बर्न्ट, दोघे जुने दोस्त, एकत्र पिणारे. युद्धाची बातमी ब्रिटिशांकडे आधी आली. ऱ्होड्सनं जाऊन दुरुस्तीसाठी काठावर ओढलेल्या जर्मन बोटीवर तोफ डागली. बर्न्ट चिडून होडी वल्हवत आला. तुला चढलीय का, असं ओरडत. त्याला तिथेच सांगितलं गेलं की बाबा, आता तू कैदी आहेस.

काठावरच्या माणसांना मात्र हे प्रहसन नव्हतं. सैन्याचं ओझं वाहायला लाखाच्या वर माणसं न्यासालँडमधून नेली. जॉन चिलेंब्वे नावाच्या पाद्रीनं वर्तमानपत्राला पत्र लिहून विचारलं, की हे युद्ध आमचं नाही, मग मरायचं आम्ही का? उत्तर आलं नाही. जानेवारी १९१५ मध्ये त्यानं उठाव केला. मगोमेरोच्या मळ्याचा व्यवस्थापक मारला गेला, तोही आडनावानं लिव्हिंगस्टनच. दोन आठवड्यांच्या आत चिलेंब्वेला गोळी घातली. आज त्याचा चेहरा मलावीच्या नोटांवर आहे.

जर्मन हरले, दोन्ही काठ ब्रिटिशांचे झाले. मग हद्द कुठे आहे याची फिकीर कोणाला? काही नकाशांत ती काठावर, काहींत पाण्याच्या मधोमध. एकाच मालकाच्या दोन वाड्यांमधला बांध कोण मोजत बसतं? बांधाची आठवण होते ती भाऊ वेगळे झाल्यावर.

जर्मनांचा जुना मुलूख टांगानिका १९६१ ला स्वतंत्र झाला (झांझिबारशी जुळून तोच पुढे टांझानिया), आणि न्यासालँड १९६४ ला, मलावी या नावानं. त्याच वर्षीच्या जुलैत कैरोला आफ्रिकन देशांनी ठराव केला की स्वातंत्र्याच्या वेळी जशा हद्दी मिळाल्या तशाच मानायच्या. त्या ठरावामागे टांगानिकाचे ज्यूलियस न्येरेरे होते. आणि १९६७ ला त्याच न्येरेरेंच्या टांझानियानं मलावीला कळवलं, की हद्द पाण्याच्या मधोमध धरा. मलावीचे हेस्टिंग्ज बांडा उसळले. पाणी तर आमचंच, पण काठापलीकडचे जिल्हेही आमचे, असं म्हणू लागले. माझ्या मते हे भांडण मुळात तळ्याचं नव्हतंच. बांडांनी गोऱ्या दक्षिण आफ्रिकेशी मैत्री केली होती, आणि बांडांशी फाटलेल्या मंत्र्यांना न्येरेरेंनी आसरा दिला होता. दुखणं एकीकडे आणि कण्हणं तळ्यावरून, असं ते होतं.

२०११ मध्ये मलावीनं एका ब्रिटिश कंपनीला तळ्याखाली तेल शोधायचा परवाना दिला आणि जुनी रेघ पुन्हा वर आली. मलावी म्हणतो, १८९० चा करार बघा. टांझानिया म्हणतो, मोझांबिकशी १९५४ ला मधोमधची हद्द ठरली, मग आमच्याशीच का नाही? मोझांबिकचे माजी अध्यक्ष जोआकिम शिसानो मध्यस्थीला बसले. तरी तोडगा निघाला नाही. वासाहतिक अन्याय म्हणून ज्या करारांवर भाषणं होतात, तेच करार न्यायालयात सगळ्यांत भक्कम पुरावा ठरतात. हा पेच मला तरी सुटलेला नाही.

तळ्यावर वर्षातून काही दिवस एक नवल दिसतं. पाण्यातून बारीक माश्यांचे ढग उठतात, लांबून जंगल पेटल्याच्या धुरासारखे. वारा ते ज्या काठावर नेईल तिथली माणसं भांडी, टोपल्या घेऊन धावतात, माश्या गोळा करतात, थापून त्यांच्या वड्या करतात. लिव्हिंगस्टननंही त्या चाखून बघितल्या होत्या. उसिपा नावाची बारकी मासळी दोन्ही काठांवर उन्हात मांडवांवर वाळत पडलेली असते, आपल्या कोकणातल्या सुकटीसारखी. रात्री कोळी दिवे घेऊन तिच्यामागे आत जातात. मलावीचे आणि टांझानियाचे दिवे पाण्यावर एकमेकांत मिसळतात, आणि पहाटे जो तो आपापल्या काठाला लागतो.

नमस्कार.