आजींनी सही केली होती, मैत्रिणीनं कुठे?

नमस्कार मंडळी! मी उभी आहे बडोद्यात, सयाजीबागेच्या, म्हणजे आपल्या कमाटीबागेच्या दाराशी. 1917 साली बाबासाहेब आंबेडकर परदेशात शिकून आले, गायकवाड सरकारच्या नोकरीत रुजू झाले आणि या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी लोक लाठ्या घेऊन दारात. मग दोन मित्रांना विचारलं, दोघांनीही टाळलं. हे पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. त्यात त्या मित्रांची नावं मात्र नाहीत. एक हिंदू, एक ख्रिस्ती, बस्स.

हे मी वाचलं होतं, तरी चुकले.

इथल्याच एका पोळातल्या, म्हणजे जुन्या गल्लीतल्या, आजी. त्यांची आठवण मी व्हिडिओसाठी रेकॉर्ड करत होते. लहानपणी मैत्रिणीकडे खेळायला जायच्या. तहान लागली की मैत्रिणीची आई बाहेर येऊन वरून पाणी ओतायची, या ओंजळ धरायच्या. पेला यांच्यासाठी नव्हता. सांगता सांगता मैत्रिणीचं नाव आलं. मी ते तसंच ठेवलं, वर व्हायोलिन लावलं (हो, व्हायोलिन!) आणि व्हिडिओ टाकला. तिसऱ्या दिवशी आजींचा फोन: "अगं, ती अजून संक्रांतीला तिळगूळ घेऊन येते माझ्याकडे. तिनं काय केलं होतं?"

आजींनी माझ्या संमतीच्या कागदावर सही केली होती. मैत्रिणीनं कुठे केली होती?

व्हिडिओ काढला. आता आधी सांगते, हे कोणीही बघू शकेल, तुमचे शेजारीसुद्धा. नको वाटलं तर मध्येच थांबू. रेकॉर्डिंग झालं की त्यांना पूर्ण ऐकवते आणि पुन्हा विचारते. पहिला होकार तोंडदेखला असू शकतो, ऐकल्यानंतरचा खरा. चेहरा नको असेल तर नुसता आवाज. "तेव्हा कसं वाटलं?" हा प्रश्न मी सोडून दिलाय. त्यानं माणूस रडतो, कळत काही नाही. त्यापेक्षा विचारा, पेले कुठे ठेवलेले असायचे? पाणी कोण आणून द्यायचं?

कारण या आठवणी वर्गात मुलांना ऐकवल्या की हेच कामाला येतं. आजी तेव्हा तिसरीत होत्या, साल साधारण 1958. मुलं राज्यघटना उघडतात. कलम 17, अस्पृश्यता नष्ट, 26 जानेवारी 1950 पासून लागू. 1955 मध्ये शिक्षेचा कायदाही आला. म्हणजे कायदा होता आणि ओंजळही होती! एका मुलीनं विचारलं, "मग पोलिसांकडे कोण जाणार होतं? आठ वर्षांची मुलगी?" त्या दिवशीचा तास तिथेच रंगला. कोणाचं घर, हे एकानंही विचारलं नाही.

नवी क्लिप आजींनी दोनदा ऐकली. म्हणाल्या, ओंजळीचं राहू दे. तीन मिनिटं चाळीस सेकंद आहे. एका जागी आवाज तुटेल, मोबाईल बिघडलेला नाही. तिथे नाव होतं.