आई, लेक आणि हेलन: इरीन पापास यांच्या ग्रीक भूमिका

प्राचीन अथेन्समध्ये शोकांतिका सादर होत, तेव्हा कोरस, म्हणजे गाणारा-नाचणारा समूह, वगळता बोलणाऱ्या सगळ्या भूमिका मिळून तीनच नट करीत, आणि ते तिघेही पुरुष असत. मुखवटा बदलला की तोच नट राणी होई, निरोप्या होई, देवही होई. कथा प्रेक्षकांना लहानपणापासून ठाऊक असे. ती आज कशी मांडली जाणार, एवढीच उत्सुकता उरलेली असे. चित्रपटाने हा मुखवटा काढून टाकला. कॅमेरा चेहऱ्याच्या इतका जवळ गेला की भूमिका कोणाला द्यायची, या निर्णयातच कथेचा अर्थ ठरू लागला. ही गोष्ट सर्वांत खोलवर ओळखली ती दिग्दर्शक मायकेल काकोयानिस यांनी, आणि त्यांना तसा चेहरा लाभला तो ग्रीक अभिनेत्री इरीन पापास यांच्या रूपाने.

सायप्रसमधील लिमासोल येथे जन्मलेल्या काकोयानिस यांनी प्राचीन अथेन्सचा नाटककार युरिपिडीस याच्या तीन नाटकांवरून तीन चित्रपट केले: १९६२ चा ‘इलेक्ट्रा’, १९७१ चा ‘द ट्रोजन विमेन’ आणि १९७७ चा ‘इफिजेनिया’. तिन्ही चित्रपटांना मिकिस थिओडोराकिस यांचे संगीत आहे आणि तिन्हींत पापास आहेत, मात्र प्रत्येक वेळी वेगळ्या स्त्रीच्या भूमिकेत.

कोरिंथजवळच्या खिलिओमोदी या गावात जन्मलेल्या पापास यांनी ‘इलेक्ट्रा’च्या आदल्याच वर्षी दुसऱ्या एका ग्रीक शोकांतिकेची नायिका अँटिगनी हिची भूमिका केली होती. युरिपिडीसची इलेक्ट्रा राजवाड्यात राहत नाही. आई क्लायटेम्नेस्ट्राने घडवलेल्या बापाच्या, राजा अगामेम्नॉनच्या, खुनाचा सूड घेऊ शकेल असा उच्चकुलीन वारस तिच्या पोटी जन्मू नये, म्हणून तिचे लग्न मुद्दाम एका गरीब शेतकऱ्याशी लावून दिलेले असते. काकोयानिस यांनी हा धागा घट्ट धरला. छायालेखक वॉल्टर लॅसली यांच्या कृष्णधवल चित्रणात उन्हाने भाजलेला माळ, काळी वस्त्रे ल्यालेल्या खेड्यातल्या बायकांचा कोरस आणि केस कापून टाकलेली इलेक्ट्रा एकाच मातीतून आल्यासारखी दिसतात. या ठिकाणी केवळ देखणी नायिका निवडली असती, तर इलेक्ट्राचे दारिद्र्य वेशभूषेपुरते उरले असते. पापास यांच्या रुंद कपाळावर आणि काळ्याभोर भुवयांखाली ते खरे वाटते.

‘द ट्रोजन विमेन’ची निर्मिती मात्र ग्रीसबाहेर झाली. १९६७ मध्ये अथेन्समध्ये लष्करी राजवट आली होती, थिओडोराकिस यांना तुरुंगवास भोगावा लागला होता, त्यांच्या संगीतावर बंदी होती आणि पापास स्वतः देशाबाहेर राहत होत्या. चित्रीकरण स्पेनमध्ये झाले, भाषा इंग्रजी होती. कॅथरिन हेपबर्न ट्रॉयची राणी हेक्युबा झाल्या, व्हनेसा रेडग्रेव्ह तिची सून अँड्रोमाकी आणि जेनेव्हिएव्ह ब्यूजोल्ड तिची मुलगी कॅसांड्रा. मूळ नाटक इसवी सन पूर्व ४१५ मधले. अथेन्सच्या सैन्याने मेलॉस बेटावरचे पुरुष ठार करून बायकामुलांना गुलाम केले होते, त्याच्या पाठोपाठच हे नाटक रंगमंचावर आले. पराभूतांच्या बायका काय सोसतात, हे जेत्यांच्याच नगराला दाखवणारे हे नाटक निर्वासित कलावंतांनी का निवडले असेल, हे वेगळे सांगायला नको.

त्यात पापास यांच्याकडे हेलन आली, जिच्यासाठी ट्रॉयचे युद्ध झाले ती, आणि या निवडीचे मोल मला सर्वांत अधिक वाटते. हेलनचा चेहरा कसा होता, हे महाकवी होमरने कुठेच वर्णिलेले नाही. ट्रॉयच्या तटावर बसलेले म्हातारे तिला येताना पाहतात आणि अशा स्त्रीसाठी दोन्ही सैन्यांनी इतकी वर्षे दुःख सोसले यात नवल नाही, असे आपसात म्हणतात. सौंदर्याचा पुरावा एवढाच. हॉलिवूडने ही रिकामी जागा बहुधा सोनेरी केसांनी भरली: १९५६ मध्ये रोसाना पोदेस्ता, २००४ मध्ये डायान क्रूगर. काकोयानिस आधी फक्त डोळे दाखवतात. लाकडी खोपटाच्या फळ्यांमधून ते येरझारा घालताना दिसतात. बाहेर तहानलेल्या बायका बसलेल्या असताना ही हेलन मिळालेल्या पाण्याने अंग धुते. तिच्या सौंदर्यात लाडिकपणा नाही, जगण्याची कठोर जिद्द आहे, आणि म्हणून ती सूडासाठी आलेल्या नवऱ्याच्या, मेनेलाउसच्या, हातून मरणार नाही याची खात्री पटते.

याच काळात इटालियन दिग्दर्शक पिएर पाओलो पासोलिनी यांनी युरिपिडीसच्याच नाटकावरच्या १९६९ च्या ‘मेडीआ’साठी ऑपेरागायिका मारिया कॅलस यांना निवडले. केरुबिनीच्या ऑपेरातील मेडीआ गाऊन ज्यांनी नाट्यगृहे गाजवली होती, त्या कॅलस या चित्रपटात एकही सूर गात नाहीत. मेडीआला सोडून देणारा नवरा जेसन झाला होता जुझेप्पे जेंतिले, १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये तिहेरी उडीत कांस्यपदक मिळवणारा इटालियन खेळाडू. एकीकडे नुसते तरुण, बलदंड शरीर आणि दुसरीकडे शतकानुशतके मागे पाहणारे डोळे, अशी ही जोडी आहे. कॅलस यांच्या खासगी आयुष्यातल्या प्रेमभंगाशी या भूमिकेचे नाते अनेकांनी जोडले. ते नाते बाजूला ठेवूनही ही भूमिका तितकीच भिडते.

‘इफिजेनिया’ आला तेव्हा ग्रीसमध्ये लोकशाही परतली होती. वारा पडला म्हणून आउलिसच्या किनाऱ्यावर अडकलेले, ट्रॉयकडे निघालेले ग्रीक सैन्य, आणि सेनापती अगामेम्नॉनने लग्नाचे खोटे निमित्त करून बळी देण्यासाठी बोलावलेली स्वतःची मुलगी. या भूमिकेत टाटियाना पापामोस्कू आहे, आणि ती खरोखरच लहान मुलगी आहे. मोठ्या वयाची नटी असती, तर तिचे शेवटचे धैर्य वीरांगनेचे वाटले असते. इथे ते पाहवत नाही. उपलब्ध नाटकाच्या अखेरीस देवी तिच्या जागी हरिणी ठेवते, पण तो भाग मागाहून जोडलेला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. काकोयानिस हरिणी दाखवत नाहीत. तिची आई क्लायटेम्नेस्ट्रा झालेल्या पापास यांच्या डोळ्यांत तेव्हा जो द्वेष साठतो, त्यातून पुढचा सगळा रक्तपात निघतो. २००४ च्या ‘ट्रॉय’मध्ये अगामेम्नॉन ट्रॉयमध्येच मारला जातो. तो घरी परततच नाही, त्यामुळे पत्नीला जाब विचारता येत नाही आणि मुलांना सूड घ्यावा लागत नाही. त्या चित्रपटाचे उणेपण मला देव वगळण्यापेक्षा इथे अधिक जाणवते.

कथेचा क्रम आणि चित्रपटांचा क्रम उलटा आहे, म्हणून हे तीन चित्रपट १९७७ पासून मागे पाहत जावे. युरिपिडीसच्या ‘इलेक्ट्रा’त क्लायटेम्नेस्ट्रा आपली बाजू मांडताना इफिजेनियाचे नाव घेते. १९६२ च्या चित्रपटात ही आई अलेका कात्सेली यांनी साकारली आहे, आणि तिचे म्हणणे नाकारणारी लेक आहे इरीन पापास.