गोदामातली वही

[दृश्य: गोदाम. खोक्यांच्या थप्प्या. कामगार एक खोकं फोडतो.]

या खोक्यातल्या गोळ्या आज कुठेही जाणार नाहीत. आधी नमुन्याच्या पट्ट्या निघतील, कंपनीचं नाव झाकलं जाईल, वर नुसता सांकेतिक क्रमांक. माल कुणाचा, हे प्रयोगशाळेला कळत नाही. अहवाल चांगला आला की खोकं हलेल.

हे तामिळनाडू. १९९४ साली इथं सरकारी दवाखान्यांच्या औषधखरेदीसाठी वेगळं महामंडळ निघालं. पहिले व्यवस्थापकीय संचालक आर. पूर्णलिंगम, सनदी अधिकारी. ब्रँडच्या गर्दीऐवजी मोजक्या अत्यावश्यक औषधांची यादी झाली, तीही मूळ नावानं. निविदेचे लिफाफे दोन: आधी कंपनीची पात्रता, दराचं पाकीट नंतर.

महामंडळ काय, कागदावर कुठंही काढता येतं. इथं मात्र निविदा, साठा, तपासणी आणि पुरवठादाराचं बिल एकाच छताखाली आलं. चुकलं तर दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवायची सोय नाही.

[दृश्य: काउंटरवर पासबुक, जवळून.]

ही वही बघा. बँकेचं पासबुकच. दवाखान्याच्या नावे वर्षाची रक्कम. औषध नेलं की तेवढी वजा. औषधनिर्माण अधिकारी वही पुढं सरकवतो, लागेल तेवढंच उचलतो. वरून ढकललेला माल माथी बसत नाही. कुठल्या गोदामात काय संपत आलंय, ते चेन्नईत संगणकावर दिसतं. नव्वदच्या दशकापासून, बरं का.

[दृश्य: महाराष्ट्र. प्राथमिक आरोग्य केंद्राचं अर्धं रिकामं कपाट.]

आपल्याकडे २०१७ मध्ये खरेदी परळच्या हाफकिन महामंडळाकडे दिली. लस हा हाफकिनचा पिढीजात हातखंडा. ढीगभर निविदा काढणं हे काम निराळं. मागणीपत्रं खात्यांची, निविदा हाफकिनची. माल उशिरा आला की स्थानिक खरेदी, चढ्या दरानं. तेही जमलं नाही, की ही चिठ्ठी.

[दृश्य: चिठ्ठी. 'बाहेरून आणा.' म्हातारीचा हात. पाच सेकंद निवेदन नाही.]

ऑक्टोबर २०२३, नांदेड. शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू, त्यात १२ नवजात. औषधटंचाईचा आरोप झाला. सरकारनं तो फेटाळला.

त्याच वर्षी महाराष्ट्रानं कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आणलं.

[दृश्य: पुन्हा तामिळनाडू. टेम्पोत खोकी चढतात.]

ओआरएस, पॅरासिटॅमॉल, लोहाच्या गोळ्या. पट्टीवर छापलंय: तामिळनाडू सरकार, विक्रीसाठी नाही. औषधनिर्माण अधिकारी वहीतली शिल्लक पुन्हा एकदा बोटानं तपासतो, आणि ड्रायव्हरशेजारी बसतो.