एक गाडी, एक घर

(दृश्य: सकाळ, घोडबंदर रोड, मानपाडा. गाड्यांची रांग.)

बहुतेक गाड्यांत माणूस एकच. काचा बंद, एसी चालू. गाडी जागची हलत नाही, इंजिन मात्र पेट्रोल पितंच आहे.

समजा, यातली एक कासारवडवलीहून पवईला निघालीय. जाऊन-येऊन 50 किलोमीटर, महिन्याला 22 दिवस. 14 चं अ‍ॅव्हरेज मिळालं (या रस्त्यावर मिळालं तर नशीबच) तरी महिन्याला सुमारे 78 लिटर पेट्रोल.

घरी चार माणसं. फ्रिज, गिझर, पंखे, रात्रीपुरता एसी. महिन्याची वीज 250 युनिट धरू.

लिटर आणि युनिट एका तागडीत कसे घालायचे? एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 9 युनिटांइतकी ऊर्जा असते. तेवढ्यावर 9 वॅटचा एलईडी दिवा 1,000 तास चालेल. म्हणजे 78 लिटरचे झाले 700 युनिट. घराच्या जवळपास तिप्पट!

पण हा हिशेब गाडीवर अन्याय करतो. पेट्रोल आपल्यासमोर जळतं. कोळसा जळतो तिकडे चंद्रपूरला. औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरतो, बाकीची धुरांड्यातून आणि कूलिंग टॉवरमधून हवेत जाते. कोयनेचं पाणी आहे, उरणचा गॅस आहे, सौर वीजही आहे. तरी मोठा वाटा कोळशाचाच. तेव्हा घराच्या 250 युनिटांमागे ढोबळमानाने 750 युनिटांचं इंधन. कार्बन डायऑक्साइड पाहिला, तर पेट्रोलचा लिटरमागे 2.3 किलो, ग्रिडच्या विजेचा युनिटमागे सुमारे 0.7 किलो. गाडीचे 180 किलो, घराचे 175.

चौघांचं अख्खं घर आणि एकाचं ऑफिसला जाणं, दोन्ही सारखंच. गिझर चालू राहिला की घरात आरडाओरडा होतो. नाक्यावर अर्धा तास इंजिन चालू राहिलं तर कोण ओरडणार?

(दृश्य: सोसायटीचं पार्किंग, चार्जिंगला लावलेली गाडी.)

इलेक्ट्रिक गाडी युनिटला 7 किलोमीटर गेली, तर तेवढ्याच प्रवासाला 157 युनिट लागतील. कोळशापासून मोजलं तरी साधारण 470. पेट्रोल इंजिन तीन-चतुर्थांश ऊर्जा नुसती उष्णता म्हणून फेकतं. मोटर फारच थोडी. अर्थात, आधी सोसायटीने पार्किंगमध्ये पॉइंट द्यायला हवा. मीटिंगमध्ये हा विषय निघाला की चहा दोनदा होतो. आणि घरच्याच मीटरवर चार्ज केली, तर 250 चे 400 च्या वर जाऊन महावितरणचा 300 पुढचा स्लॅब लागतो. पवईची ये-जा तेव्हा पहिल्यांदा वीजबिलात छापून येते.