पोटमाळ्यावरचा माल आणि संगणकातली नोंद

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईत जागा किती महाग आहे, हे इथल्या दुकानदाराला कुणी सांगायला नको. लोहार चाळ घ्या, नागदेवी स्ट्रीट घ्या, नाहीतर दादरचा रानडे रोड. लहानसा गाळा, वर पोटमाळा आणि जास्तीच्या मालासाठी भिवंडीला गोडाऊन, अशी कितीतरी दुकानांची मांडणी असते. त्या पोटमाळ्यावर दोन वर्षं न खपलेला माल पडून असेल, तर तो रोज भाडं खातो. आणि खाली गिऱ्हाईक जे मागायला येतं, तेच नेमकं संपलेलं असतं. बहुतेक दुकानांत संगणक आला तो बिल छापायला, आणि बिल छापण्यावरच थांबला. कोणता माल किती दिवसांपासून पडून आहे, याची यादी त्याच संगणकातून निघते. ती उघडून पाहणारे मालक मला फार थोडे भेटले, म्हणून आज मुद्दाम याच विषयावर बोलतो आहे.

जुन्या पेढ्यांवर आधी कच्ची चिठ्ठी, मग किर्द म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, किर्दीवरून खतावणी म्हणजे प्रत्येकाच्या खात्याची वही, आणि मालाची वही आणखी वेगळी. एकच व्यवहार चार ठिकाणी लिहायचा. संगणकावर एकदा बिल केलं की त्याच नोंदीतून साठा कमी होतो, उधारी असेल तर गिऱ्हाइकाच्या खात्यावर चढते, जीएसटीची रक्कमही लागते. पण ती नोंद व्यवहार होतानाच झाली पाहिजे. दिवसभर कागदावर लिहायचं आणि रात्री मुलाला बसवून ते संगणकात भरून घ्यायचं, असं केलं तर दुपारी चारला पडद्यावर दिसणारा साठा सकाळचाच असतो. काउंटरवरच्या माणसाला दोनदा असा खोटा आकडा दिसला, की तिसऱ्यांदा तो पडद्याकडे बघतच नाही. शिडी चढून वर जातो आणि माल मोजून येतो.

दुसरी गोष्ट वस्तूंच्या यादीची. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. विजेच्या सामानाचं दुकान समजा. सहा अँपिअरचा पांढरा स्विच. विकणाऱ्याने बिलावर ‘स्विच ६’ लिहिलं, खरेदीची नोंद करणाऱ्याने कंपनीचं नाव आधी घालून लिहिलं, तिसऱ्याने ‘पांढरा स्विच’ असं लिहिलं. संगणकाच्या लेखी या तीन वेगळ्या वस्तू झाल्या. एकीचा साठा उणे चाळीस, दुसरीचा शंभर, तिसरीचा कुणालाच पत्ता नाही. त्यात खरेदी खोक्याने आणि विक्री नगाने होत असेल, तर विचारायलाच नको. म्हणून सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं हे ठरवण्याआधी यादी करायला बसा. प्रत्येक वस्तूला एकच नाव, एकच कोड, आणि एका खोक्यात किती नग हे पक्कं लिहिलेलं. यादीत नवी वस्तू घालण्याचा अधिकार एकाच माणसाकडे. पॅकबंद मालावर बहुधा कंपनीचा बारकोड असतोच, सुट्या मालाला आपल्या कोडची चिठ्ठी छापून लावता येते. काम कंटाळवाणं आहे. हजारो वस्तू असतील तर कित्येक आठवडे चालेल. तरीही ते टाळू नका. यादी नीट नसेल, तर महागातलं महाग सॉफ्टवेअरही चुकीचेच आकडे सुबक छापून देईल.

यादी जमली की मग खरा फायदा दिसतो. एखादी वस्तू रोज दहा नग खपते आणि माल यायला चार दिवस लागतात. म्हणजे चाळीस नग उरले की मागणी गेली पाहिजे. पावसाळ्यात टेम्पो वाटेत अडकतो, म्हणून वर वीस धरा. साठ नगांची ही मर्यादा संगणकाला एकदा सांगून ठेवा, साठा तिथवर उतरला की तो आठवण करून देईल. जे रोज खपतं ते संपणार नाही आणि जे खपत नाही ते भीतीपोटी जास्त मागवलं जाणार नाही. मुंबईच्या गाळ्यात ही मोकळी झालेली एक मांडणीसुद्धा मोलाची असते.

लालबागच्या मसाल्याच्या बाजाराचं उदाहरण मला फार आवडतं. मार्च ते मे तिथे वर्षाचा मसाला करून न्यायला बायका लांबून येतात. बेडगी किती, संकेश्वरी किती, काश्मिरी किती, गरम मसाला कोणता, हे प्रत्येक घराचं वेगळं प्रमाण. समजा, बाईंची परवानगी घेऊन त्यांच्या फोन नंबरापुढे ही यादी दुकानाने जपून ठेवली. पुढच्या वर्षी त्या आल्या, की ‘मावशी, गेल्या वेळी दोन किलो बेडगी नेली होती, तेवढीच देऊ?’ असं विचारता येईल. शिवाय अशा सगळ्या याद्यांची बेरीज केली, तर यंदा कोणती मिरची साधारण किती लागेल याचा अंदाज हंगामाआधीच हाती येतो. ही सगळी माहिती दुकानात पूर्वीपासूनच होती, फक्त ती जुन्या नोकराच्या डोक्यात होती.

त्या नोकराबद्दल एक सांगायचं आहे. वीस-पंचवीस वर्षं काउंटर सांभाळलेल्या माणसाला, हे यंत्र आपल्याला पकडायला आणलं आहे असं वाटलं, तर नोंदी मनापासून होणार नाहीत. यादी करताना त्यालाच शेजारी बसवा. कोणत्या वस्तूला गिऱ्हाईक काय म्हणतं, कोणत्या मालाला पर्याय काय चालतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. आणि त्याला त्याचा स्वतःचा पासवर्ड द्या. सगळ्या दुकानाचा मिळून एकच पासवर्ड असला, की चूक कुणाची ते कधीच कळत नाही, आणि संशय मात्र सगळ्यांवर राहतो.

आता पैशाचं. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि सुट्या पैशांची कटकट पुष्कळ कमी झाली. पण गल्ल्यावर चिकटवलेल्या कायमच्या क्यूआर कोडवर आलेली रक्कम कोणत्या बिलाची, हे त्यातून कळत नाही. बिलागणिक नवा क्यूआर कोड तयार होण्याची सोय असते. त्यात रक्कम आणि बिल क्रमांक दोन्ही असतात, त्यामुळे संध्याकाळी जुळवाजुळव करावी लागत नाही. धंद्याचं खातं घरच्या खात्यापासून वेगळं ठेवावं, हेही ओघाने आलंच.

जीएसटीत नोंदणी असलेल्यांनी दर महिन्याच्या चौदा तारखेला तयार होणारं जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून निघणारं विवरण, आपल्या खरेदीच्या नोंदींशी पडताळून पाहावं. पुरवठादाराने आपल्या बिलाची नोंद त्याच्या जीएसटी विवरणात केलीच नसेल, तर त्या कराची वजावट अडकते. पुरवठादाराला फोन तेव्हाच करायचा, मार्च अखेरीस नाही.

साकीनाका, भांडुप, धारावी इथे ज्यांचे लहान कारखाने आहेत, त्यांच्यासाठी आणखी एक. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या पुढे थकवता येत नाहीत. लेखी करार असला तरी हीच मर्यादा. थकबाकी दिवसांनुसार मांडलेली यादी हाताशी असली, की कुणाला तिसाव्या दिवशी आठवण करायची हे दिसतं. उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत आहे, ती करून ठेवा.

शेवटी, हे सगळं जपायचं कसं? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावरच्या दुकानांत पाणी शिरलं की वही आणि संगणक यात ते भेद करत नाही. म्हणून नोंदींची एक प्रत रोज दुकानाबाहेर गेली पाहिजे, क्लाउडवर किंवा घरी नेलेल्या हार्ड डिस्कवर. पैशाची ऑनलाइन फसवणूक झाली तर वेळ न घालवता १९३० या सरकारी मदत क्रमांकावर फोन करा. आणि सॉफ्टवेअर बसवणारा माणूस ‘बॅकअप चालू आहे’ असं म्हणाला, तर त्याला दुसऱ्या संगणकावर ती प्रत उघडून कालचं शेवटचं बिल दाखवायला सांगा. तो जाण्याआधी.

नमस्कार.