आखाजीच्या आधीचं व्याख्यान

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या गावात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी लॉ कॉलेज असेल, तर त्याच्या फाटकावर एखादा फ्लेक्स तुम्ही पाहिला असेल. 'जाहीर व्याख्यान. प्रवेश सर्वांना खुला.' वाचलात आणि गाडी पुढे काढलीत. वाईट वाटून घेऊ नका, सगळेच तसं करतात. माझ्यावर कुठं केस आहे, मी कशाला जाऊ? शिवाय शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो, त्यामुळे या म्हणीवर मी फार बोलणं बरं दिसत नाही. पण आठवड्यातले दोन दिवस मी लॉ कॉलेजात शिकवायलाही जातो, आणि कॉलेजची पायरी वेगळी आहे. तिथं तारीख पडत नाही, फी लागत नाही, समोर विरुद्ध पार्टी उभी नसते. भांडण सुरू व्हायच्या आधी कायदा विचारून घ्यायची ती जागा आहे. आपल्याकडे माणूस कायदा विचारतो तो नोटीस हातात पडल्यावर. तोवर निम्मं शेत पाण्याखाली गेलेलं असतं.

तसं पाहिलं तर आपल्या खानदेशाला व्याख्यानाचं वावडं कधीच नव्हतं. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये सुरू करणारे न्यायमूर्ती रानडे १८७९ मध्ये न्यायखात्यात बदली होऊन धुळ्यालाच आले होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि कैद्यांमध्ये बसून साने गुरुजी ते उतरवून घेत. म्हणजे आपल्याकडची सगळ्यात गाजलेली व्याख्यानमाला चक्क जेलात झाली! बाबासाहेब आंबेडकर १९३५ मध्ये मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले आणि ३१ जुलै १९३७ रोजी एका खटल्यासाठी धुळ्याच्या कोर्टात आले. तेव्हा ते जिथं उतरले होते त्या धुळ्याजवळच्या लळिंगच्या लांडोर बंगल्यावर त्या दिवसाच्या आठवणीसाठी आजही दरवर्षी माणसं जमतात.

मग आमचे हॉल रिकामे का? खरं सांगतो, चूक आमचीच. संविधान दिन २६ नोव्हेंबरला येतो, कार्यक्रम सकाळी अकराला. त्या वेळी अख्खा तालुका कापूस वेचायला गेलेला असतो. हॉलमध्ये कोण? हजेरीसाठी बसवलेली मुलं. दीपप्रज्वलन होतं, समई वाऱ्यानं तीनदा विझते. मग शाल, श्रीफळ, परिचय, परिचयाला उत्तर. पाऊण तास सत्कार आणि वीस मिनिटं व्याख्यान. 'प्रश्न असतील तर विचारा' असं म्हणेपर्यंत चहाचे कप वाजायला लागतात. अशा एका कार्यक्रमात मी स्वतः वक्ता होतो आणि संविधानाच्या उद्देशिकेवर बोलत असताना शिपाई मला खुणेनं घड्याळ दाखवत होता.

त्यातून आमच्या काही विद्यार्थिनींनीच एक गोष्ट सुचवली. म्हणाल्या, सर, आखाजीच्या आधी घेऊ या, रात्री साडेआठला, आणि विषय एकच ठेवू: लेकीचा वाटा. सत्कार बंद. बोलायचं अर्धा तास, प्रश्न दीड तास.

आखाजी म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, हे जळगाव, धुळे, नंदुरबारच्या श्रोत्यांना सांगायला नको. लेकीला आणायला सासरी मुराळी जातो, लेक माहेरी येते, निंबाला झोका बांधला जातो, पुरणपोळी आणि आंब्याचा रस होतो. आणि दोन दिवस झोका झाला की तिसऱ्या दिवशी, कुठल्या कुठल्या घरात, भाऊ एक कागद पुढं करतो. हक्कसोडपत्र, म्हणजे मिळकतीतला आपला वाटा सोडल्याचा कागद. 'ताई, एवढी सही कर, तलाठ्याकडं काम अडलंय.'

त्या रात्री उन्हाची धग कमी झाली होती तरी पंखे गरमच वारा टाकत होते. दीडशे खुर्च्या भरल्या, मागं सतरंज्या टाकल्या. वक्ते होते निवृत्त न्यायाधीश. त्यांनी कलमं फार सांगितली नाहीत. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात बदल झाला आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानंच मुलाइतकी वाटेकरी झाली. महाराष्ट्रानं तर १९९४ मध्येच त्या दिशेनं कायदा केला होता, पण तेव्हा लग्न झालेल्या लेकी त्यातून वगळल्या होत्या. २००५ चा बदल लग्न झालेल्या लेकींनाही लागू आहे. 'त्या तारखेला बाप हयात असायलाच हवा का' हा वाद पुढं वर्षानुवर्षं चालला. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी तो मिटवला: बाप त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटणी आता उकरता येत नाही. हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितलं, आणि समोरच्या दोन-तीन चेहऱ्यांवरचा ताण एकदम सैल झालेला मला दिसला. ते भाऊ असावेत.

मग प्रश्न. बांधाचे, रस्त्याचे, विहिरीतल्या हिश्श्याचे. विषय लेकीचा असला तरी बांध मध्ये येणारच, त्याला इलाज नाही. आणि मग मागच्या सतरंजीवरून एक बाई उठल्या. डोक्यावरचा पदर दातात धरलेला. अहिराणीत विचारलं, "साहेब, सही नही करी ते भाऊ आखाजीले लेवाले येई का?"

सही केली नाही तर भाऊ मला आखाजीला न्यायला येईल का?

कोणी हसलं नाही. न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "माय, या प्रश्नाला कलम नाही." आणि मग जे बोलले ते माझ्या दृष्टीनं त्या रात्रीचं खरं व्याख्यान. वाटा ठेवणं म्हणजे भांडण लावणं असं नाही. तुमचं नाव सातबाऱ्यावर राहू द्या, जमीन भावालाच करू द्या, पीक त्यानंच घ्यावं. हक्क शिल्लक राहतो आणि झोकाही. कित्येक सातबाऱ्यांवर बहिणींची नावं कब्जेदारांत न लावता 'इतर हक्क' या रकान्यात टाकलेली आहेत, ती आधी उतारा काढून बघा. सोडायचाच असेल तर सोडा, तोही तुमचाच हक्क आहे. पण दुय्यम निबंधकासमोर नोंदणी होण्याआधी कागद पुरता वाचून घ्या, कारण एकदा राजीखुशीनं सही केली की ती उलटवायला दिवाणी कोर्टात फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध करावी लागते. आणि तलाठ्याकडची नोंद महसुलासाठी असते, नुसत्या नोंदीनं मालकी जात नाही आणि येतही नाही.

कार्यक्रमाच्या शेवटी आम्ही एक टेबल मांडलं होतं. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार लॉ कॉलेजला कायदा सहाय्य केंद्र चालवावं लागतं. बऱ्याच ठिकाणी ते फळ्यापुरतंच असतं. आमचंही तसंच होतं, कपाट आणि कपाटावर धूळ. आता ते शनिवारी दुपारी उघडतं. विद्यार्थ्यांना वकिलीची सनद नसते, कोर्टात उभं राहून ते केस चालवू शकत नाहीत, पण शिक्षकांच्या देखरेखीखाली कागद वाचून देतात, अर्ज लिहून देतात, आणि पुढं कुठं जायचं ते सांगतात. बहुतेक वेळा ते 'कुठं' म्हणजे तालुका विधी सेवा समिती. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना, मुलांना, अपंगांना, कोठडीत असणाऱ्यांनाही मिळतो. फोन करायचा तर १५१०० हा क्रमांक लिहून ठेवा. पुन्हा सांगतो, एक पाच एक शून्य शून्य.

सातपुड्याकडचे श्रोते म्हणतील, आमच्याकडं सातबाराच नाही तर वाटा कसला. बरोबर आहे. धडगाव, अक्कलकुव्याकडं व्याख्यानाचा विषय वनहक्काचाच हवा: वनजमिनीवरचा १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा कब्जा कसा दाखवायचा, आणि गावातल्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाब हाही पुरावा धरला जातो. आणि ते व्याख्यान कॉलेजच्या हॉलमध्ये नकोच. ग्रामसभेत जाऊन, पावरी किंवा भिली बोली येणाऱ्या विद्यार्थ्यानं सांगितलेलं बरं.

त्या बाई नंतरच्या शनिवारी केंद्रावर आल्या. कापडी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं तो मोठ्यानं वाचायला घेतला. दुसऱ्याच ओळीवर थांबून तिनं विचारलं, "मावशी, इथं 'स्वखुशीने' लिहिलंय. हे तुम्ही सांगितलं होतं का?" बाई म्हणाल्या, ते आधीच छापलेलं होतं. मग कागद घडी करून परत प्लॅस्टिकमध्ये ठेवला आणि उठता उठता विचारलं, शनिवारी किती वाजेपर्यंत असता?

पाच, असं सांगितलं.

पुढच्या शनिवारी पावणेपाचला त्या भावाला घेऊन आल्या. दोघं एकाच बाकावर बसले, मध्ये पिशवी. भाऊ म्हणाला, "मलाही वाचून दाखवा, मीबी कुठं वाचलाय तो."

नमस्कार.