इंदूरचा कीस, भर मे महिन्यात

(दृश्य : रात्रीचा सराफा बाजार, इंदूर)

इंदूरचा सराफा दिवसा सोन्याचांदीचा. रात्री पेढ्यांची शटरं खाली आली की त्याच रस्त्यावर खाणाऱ्यांची झुंबड उडते. जिलबी, दहीवडा, आणि मोठ्या कढईत पिवळाधमक भुट्ट्याचा कीस. होळकरांच्या या शहरात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे इंदूरच्या माहेरवाशिणींबरोबर हा कीस पुण्यामुंबईच्या स्वयंपाकघरातही आला. एरवी तो नाश्त्याचा पदार्थ. आज तो पानात डावीकडे वाढायचा आहे, कोशिंबिरीच्या शेजारी.

(दृश्य : भाजी मंडई, सकाळ)

देशी मका खरिपाचा, कणसं येतात पावसाळ्यात. मे महिन्यात मंडईत दिसतो तो पाण्यावर घेतलेला स्वीट कॉर्न. त्याचाही कीस होतो, पण इंदुरी कृती जशीच्या तशी उचललीत तर कढईत लापशी होईल. देशी मक्यात स्टार्च जास्त, तो दूध पिऊन फुलतो. स्वीट कॉर्नमध्ये आधीच साखर आणि पाणी भरपूर. तेव्हा दूध हात राखून, साखर मुळीच नाही, आणि मिरची एक जास्त.

कणीस घेताना केस बघा. टोकाला ते तपकिरी, सुकलेले हवेत. प्रत्येक केस एकेका दाण्याचा असतो. ज्याला पराग मिळाला नाही, त्याच्या दाण्याची जागा रिकामीच राहते. पान जरा मागे करून दाण्यात नख रुतवा. पांढरं दूध उडालं तर कणीस बरोबर. नुसतं पाणी आलं तर कोवळं, काहीच आलं नाही तर जून. तोडल्यापासून दाण्यातली साखर कमी होत जाते, उन्हात तर भराभर. सकाळी आणलेलं कणीस त्याच दिवशी संपवावं. तोवर पानांसकट फ्रिजमध्ये.

(दृश्य : किसणी, परात)

चार कणसं. किसणी परातीत उभी धरायची आणि कणीस फिरवत किसायचं. गर आणि दूध परातीत, सालपटं बरीचशी कणसालाच. दाणे काढून मिक्सरमधून फिरवले की काम लवकर होतं, पण सालंही वाटली जातात आणि कीस चिकट होतो. मला तो चालत नाही.

कढईत दोन चमचे तूप. मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेली मिरची आणि आलं, चिमूटभर हळद. त्यावर कीस. आच मंद, हात सतत चालता. सुरुवातीला तो खाली धरतो. घाबरून पाणी घालू नका, उलथन्याने खरवडत राहा. दहाएक मिनिटांत कच्चा वास जातो, रंग गडद होतो आणि कडेला तूप दिसू लागतं. आता पाव वाटी दूध, तेही दोनदा थोडं थोडं. मीठ घालून दूध आटेपर्यंत झाकण.

लिंबू गॅस बंद केल्यावरच, नाहीतर दूध फाटेल. वरून कोथिंबीर आणि ओलं खोबरं.

गरम पोळीबरोबर छान लागतो, वरणभाताबरोबर त्याहून छान. उरलाच तर दुसऱ्या दिवशी त्यात बेसन आणि थोडं तांदळाचं पीठ मिसळून वडे थापावेत. मीठ मात्र आधी चाखून मगच घाला.